गाण्याची शाळा काढणारे पंडित विष्णु दिगंबर

गणपती ही विद्येची देवता, तशीच चौसष्ट कलांचीही. म्हणूनच आपल्या मंडळाच्या उत्सवात पूजा-आरतीइतकाच मान गाण्याबजावण्याला असतो. मांडवात मुलींचे नृत्य होते, बालगोपाळांची नाटुकली होतात, एखाद्या संध्याकाळी अभंगांची किंवा नाट्यसंगीताची मैफल रंगते. आपण पुढच्या रांगेतल्या खुर्च्या रुमाल टाकून अडवतो, पाहुण्या गवयाला शाल-श्रीफळ देतो आणि घरी जाताना कोणाचा आवाज कसा लागला यावर बोलत राहतो. हे सगळे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की एके काळी यातले काहीच नव्हते, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

यंदा स्मरणिकेसाठी काही लिहून द्या असे समितीने सांगितले, तेव्हा आमच्या मनात एकच नाव आले. ते म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर. आम्ही काही संगीतातले जाणकार नाही. मासाब टँकच्या पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि सरकारी खात्यात लागलो. दिवसभर एस्टिमेट, मोजमाप आणि ठेकेदारांची बिले यांतच डोके असते. गाण्याशी आमचा संबंध आला तो लेकीमुळे. पाच वर्षे तिला क्लासला नेऊन सोडायचे आणि तास संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहायचे, एवढीच आमची संगीतसेवा. त्या बाकावरून समोरच्या भिंतीवरचा एक फोटो दिसतो. चेहरा भारदस्त, फोटोला हार. गाण्याच्या कुठल्याही क्लासात गेलात तर हा फोटो बहुधा असतोच. पुष्कळ दिवस आम्ही तो नुसता पाहिला. मग एकदा बाईंना विचारले, पुस्तके आणून वाचली, आणि ज्या माणसामुळे आम्ही त्या बाकावर बसू शकतो त्याची ओळख पटत गेली. ती आपल्या वाचकांनाही करून द्यावी, एवढ्याचसाठी हा लेख.

कुरुंदवाडचा मुलगा

पंडितजींचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला झाला. कृष्णाकाठचे हे छोटेसे पटवर्धनी संस्थान. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावचे म्हणून पलुसकर झाले. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते, त्यामुळे झांज, मृदंग आणि अभंग घरातच होते. मुलगा हुशार होता, शाळेत जात होता, संस्थानिकांच्या वाड्यातही त्याचे येणेजाणे होते. चारचौघांसारखा शिकून तो एखाद्या कचेरीत कारकून किंवा मामलेदार झाला असता, तर कोणालाही नवल वाटले नसते.

पण लहानपणीच एका उत्सवात फटाका चेहऱ्याजवळ फुटला आणि डोळ्यांना इजा झाली. उपचारासाठी मिरजेला नेले. जीव वाचला, पण दृष्टी अधू झाली ती कायमची. पुस्तक वाचणे कठीण झाल्यामुळे शाळा सुटली. आज डोळ्यांनी अधू असलेल्या मुलासाठी निदान चार वाटा तरी आहेत, तेव्हा एकही नव्हती. वाचता येत नाही, पण कान शाबूत आहेत, गळा चांगला आहे, तर याला गाणे शिकवा, असे ठरले. म्हणजे गाणे हे त्या मुलाने आवडीने निवडले असे नाही. बाकीची दारे बंद झाली म्हणून जे दार उरले त्यातून तो आत गेला. पुढे तेच दार त्याने हजारो मुलांसाठी उघडले.

मिरजेला तेव्हा पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरला जाऊन, हाल सोसून तिथली गायकी त्यांनी महाराष्ट्रात आणली होती. मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने विष्णु त्यांच्याकडे शिकू लागला. गुरुगृही शिकणे म्हणजे काय हे आज क्लासची फी ऑनलाइन भरणाऱ्या आम्हा पालकांना समजणे अवघड आहे. वेळापत्रक नाही, ठरलेला अभ्यासक्रम नाही, वही नाही. गुरूंची मर्जी असेल तेव्हा शिकायचे, बाकीच्या वेळी त्यांच्या घरची कामे करायची आणि ऐकून जे पदरात पडेल ते घोकायचे. सुमारे नऊ वर्षे विष्णूने ही तपश्चर्या केली. रियाज तर असा की दिवसातले कितीतरी तास तंबोरा खाली ठेवायचा नाही.

मिरजेतला एक प्रसंग पंडितजींच्या चरित्रात नेहमी सांगितला जातो. गावात काही समारंभ होता. राजाश्रय असलेला विद्यार्थी म्हणून विष्णूला आमंत्रण आले, पण खुद्द बाळकृष्णबुवांना आले नाही. त्याने चौकशी केली तेव्हा कळले की गवयांना अशा बैठकीत बोलवायची रीत नाही. ज्या गुरूंच्या पायाशी तो बसत होता, त्यांना गावातली प्रतिष्ठित मंडळी बरोबरीने बसवायला तयार नव्हती. मैफलीत वाहवा करायची आणि मैफल संपली की गवयाला ओळख द्यायची नाही, असा तो काळ होता. हा घाव तरुण विष्णूच्या मनात खोलवर बसला.

तिकीट काढून गाणे

१८९६ साली पंडितजींनी मिरज सोडली. वय चोवीस. सोबत दोन साथीदार, डोळ्यांनी नीट दिसत नाही, खिशात फारसे काही नाही. मिरजेच्या आश्रयाखाली राहिले असते तर जन्मभर भाकरीची चिंता नव्हती. पण त्यांना दुसरेच काही हवे होते.

त्या काळी चांगले गाणे ऐकायला मिळायचे ते तीन ठिकाणी. राजेरजवाड्यांच्या दरबारात, सरदार-सावकारांच्या दिवाणखान्यात, नाहीतर कोठीवर. पहिल्या दोन ठिकाणी सामान्य माणसाला प्रवेश नव्हता आणि तिसरीकडे जायची त्याला लाज वाटे. आपल्या हैदराबादचेच पाहा ना. निजामाच्या राजवटीत अमीर-उमरावांच्या देवड्यांमध्ये मोठमोठे कलावंत येऊन गेले, पण आपल्या पणजोबांच्या कानावर त्यातले किती पडले असेल? त्यांच्या वाट्याला भजन, कीर्तन आणि गणेशोत्सवातले मेळे. घरातल्या स्त्रियांची तर गोष्टच सोडा.

साताऱ्याहून पंडितजी बडोद्याला गेले. तिथे राजघराण्याकडून त्यांचा सन्मान झाला. पुढे सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. तिकीट काढून गाणे ऐकायचे, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. आज आम्हाला तिकीट म्हणजे खर्च वाटतो, पास मिळतो का ते आम्ही आधी बघतो. पण त्या तिकिटाचा खरा अर्थ वेगळा होता. ज्याने तिकीट काढले त्याला आत जायचा हक्क आला. मग तो वकील असो, मास्तर असो, नाहीतर दुकानदार. कोणा सरकारांची मर्जी सांभाळायला नको. आणि गाणाराही मिंधा राहिला नाही. समोर बसलेल्या शंभर माणसांनी थोडे थोडे देऊन त्याला उभे केले. मिरजेत गुरूंचा झालेला अपमान कसा पुसायचा, याचे उत्तर त्यांना या तिकिटात सापडले असावे, असे आम्हाला वाटते.

पंडितजी वेळेचेही मोठे काटेकोर होते. ठरलेल्या वेळी मैफल सुरू म्हणजे सुरू. आपल्या मंडळात सहाचा कार्यक्रम साडेसातला सुरू होतो आणि साडेसहाला पोहोचणाऱ्याला आपण लवकर आलात असे म्हणतो, हे आठवून आम्ही मनातल्या मनात जीभ चावली.

गिरनारच्या परिसरात त्यांना एक साधू भेटला आणि त्याने उत्तरेकडे, पंजाबात जायला सांगितले, असे चरित्रकार लिहितात. पंडितजी निघाले. ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास करत, वाटेत मैफली करत, ब्रजभाषा शिकत, ध्रुपदाची ओळख करून घेत ते पंजाबात पोहोचले. शेवटी मुक्काम पडला लाहोरला.

लाहोरची शाळा

५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू झाले. मराठी मुलुखापासून इतक्या दूर, जिथे भाषा वेगळी, जेवण वेगळे, ओळखपाळख नाही, अशा गावात एका जेमतेम दिसणाऱ्या, अजून तिशीही न गाठलेल्या मराठी माणसाने गाण्याची शाळा काढली. आपण हैदराबादेत पिढ्यान् पिढ्या राहिलो, तरी परक्या भाषेच्या गावात मराठी शाळा चालवणे किती जड जाते हे आपल्या वडीलधाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. तेव्हा लाहोरचे हे धाडस आपल्याला अधिक कळावे.

सुरुवातीला शाळेत विद्यार्थीच येईनात. पंडितजी रोज ठरल्या वेळी शाळेत जात, तंबोरा लावत आणि रिकाम्या खोलीत स्वतःच गात बसत, असे सांगतात. आम्हाला हे चित्र फार भावते. खोली आहे, तंबोरा आहे, वेळ झालेली आहे, शिकवणारा हजर आहे, फक्त शिकणारे नाहीत. दुसऱ्या कोणीही पाटी उतरवली असती. हळूहळू एक आला, दोघे आले. मग आवाज रस्त्यापर्यंत पोहोचला आणि वर्ग भरू लागले.

ही शाळा कोणा राजाच्या पैशावर चालली नाही. वर्गणी, देणग्या आणि पंडितजींच्या स्वतःच्या मैफलींचे उत्पन्न यांवर ती चालली. तिच्यात काय काय होते ते एकदा नीट पाहण्यासारखे आहे, कारण आपल्या मुलांच्या क्लासात आज जे जे आहे त्यातले बहुतेक तिथे होते. ठरावीक अभ्यासक्रम होता. इयत्ता होत्या, परीक्षा होत्या, प्रमाणपत्रे होती. स्वरलिपी होती, म्हणजे गाणे कागदावर लिहायची पद्धत होती. ती त्यांनी स्वतः तयार केली होती आणि तिच्यातून लहान मुलांसाठी व मोठ्यांसाठी क्रमिक पुस्तके लिहिली. संगीत बालप्रकाश हे त्यातलेच एक. पुस्तके छापायला स्वतःचा छापखाना काढला. वाद्ये मिळेनात आणि मोडली तर दुरुस्त होईनात, म्हणून वाद्ये बनवण्याचा कारखाना काढला. संगीताला वाहिलेले मासिकही चालवले. ज्या माणसाला छापील अक्षर धड दिसत नव्हते त्याने छापखाना काढावा, यापेक्षा जास्त काय सांगावे?

शाळेत स्त्रियांसाठी वेगळे वर्ग होते. त्यासाठी पंडितजींनी आपल्याच घरातल्या स्त्रियांना आधी शिकवून तयार केले. गाणे ही घरंदाज बाईने शिकायची गोष्ट नव्हे, असे ज्या काळी सगळेच मानत, त्या काळी आपल्या घरापासून सुरुवात करणे सोपे नव्हते. आज आमची लेक मांडवात सगळ्यांसमोर बसून बडा ख्याल म्हणते आणि तिची आजी पुढच्या खुर्चीवर बसून डोळे पुसते, त्याचा धागा त्या लाहोरच्या वर्गापर्यंत जातो.

त्यांची आणखी एक योजना म्हणजे उपदेशक वर्ग. गरीब घरची, गळा असलेली मुले निवडायची, त्यांच्याकडून नऊ वर्षे शिकण्याचा करार लिहून घ्यायचा आणि मग त्यांचे जेवणखाण, कपडेलत्ते, राहणे सगळे शाळेने करायचे. नऊ वर्षांनी तो मुलगा गवई तर व्हावाच, पण गावोगावी जाऊन शिकवणारा मास्तरही व्हावा. यात जुन्या गुरुगृहाची शिस्त होती, पण गुरूची लहर नव्हती. या वर्गातून आणि शाळेतून जे बाहेर पडले त्यांची नावे नुसती घेतली तरी पुरे. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर, नारायण मोरेश्वर खरे. यातले खरे गांधीजींच्या साबरमती आश्रमात गेले आणि तिथली प्रार्थना व भजने त्यांनी बसवली. देवधरांच्या मुंबईच्या शाळेत पुढे कुमार गंधर्व शिकले.

मात्र सगळेच ओंकारनाथ होणार नाहीत, हे पंडितजी जाणून होते. तानसेन घडले नाहीत तरी चालतील, पण कानसेन घडले पाहिजेत, अशी त्यांची धारणा असल्याचे सांगतात. आमच्यासारख्या बाकावर बसणाऱ्यांची सोय त्यांनी तेव्हाच करून ठेवली म्हणायची.

मुंबईची इमारत

१९०८ साली पंडितजींनी मुंबईत शाळा काढली. मुंबईने त्यांना उचलून धरले. विद्यार्थी वाढले, जागा अपुरी पडू लागली. मग सँडहर्स्ट रोडवर शाळेची स्वतःची मोठी इमारत उभी राहिली. वर्ग, सभागृह, विद्यार्थ्यांचे राहणे, सगळे एका छपराखाली.

इथे आमच्यातला सिव्हिलवाला जागा होतो. इमारत बांधायची म्हणजे काय, हे आम्ही रोज पाहतो. एस्टिमेट एक असते आणि शेवटचे बिल दुसरेच निघते. सरकारी कामात वाढीव रकमेला मंजुरी मिळते, नाहीतर काम अर्धवट पडून राहते. पंडितजींच्या मागे कोणतेही खाते नव्हते. इमारत कर्जावर उभी राहिली होती आणि कर्ज फेडायचे साधन एकच, त्यांचा गळा. गावोगाव मैफली करायच्या, पैसे पाठवायचे, परत पुढच्या गावी जायचे. वर उपदेशक वर्गातल्या मुलांची रोजची पंगत होतीच. व्याज वाढत गेले. त्याच काळात त्यांचे मन रामभक्तीकडे आणि रामायणाच्या प्रवचनांकडे अधिक ओढ घेऊ लागले, मैफलींचे उत्पन्न पूर्वीसारखे राहिले नाही. शेवटी १९२४ च्या सुमारास सावकारांनी इमारत जप्त केली आणि तिचा लिलाव झाला.

एका माणसाने जन्मभर गाऊन गाऊन उभी केलेली वास्तू लिलावात गेली. मुंबईत तेव्हा त्यांच्या गाण्याला माना डोलावणारे कितीतरी धनिक होते. शाळेतून शिकून गेलेल्यांची घरे भरलेली होती. तरीही ती वास्तू वाचली नाही. आम्ही हा भाग वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. राजाश्रय नको, लोकाश्रय हवा, असे म्हणून हा माणूस निघाला होता. लोकांनी त्याला टाळ्या भरपूर दिल्या, हिशेब पुरा करायला मात्र कोणी आले नाही. आपण त्या लोकांत असतो तर काय केले असते, हा प्रश्न आम्हाला टोचतो.

घरचे दुःख त्याहून मोठे होते. त्यांना बारा अपत्ये झाली. त्यांतली अकरा लहानपणीच गेली. उरला एक, १९२१ साली जन्मलेला दत्तात्रय. तोच पुढे डी. व्ही. पलुसकर म्हणून प्रसिद्ध झाला.

काकीनाडा, नाशिक आणि शेवट

आपल्या तेलुगू मुलखाशीही पंडितजींची एक मोठी आठवण जोडलेली आहे. डिसेंबर १९२३ मध्ये काकीनाड्याला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. अशा अधिवेशनांत वंदे मातरम् गाण्याचा मान पंडितजींना मिळत असे. अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी आपल्या धर्मात संगीत बसत नाही म्हणून हरकत घेतली. हे राष्ट्राचे व्यासपीठ आहे, एका धर्माचे प्रार्थनास्थळ नव्हे, अशी भूमिका घेऊन पंडितजींनी गीत पूर्ण गायले. त्यात कोणाचा द्वेष नव्हता. सर्वांच्या जागेवर गाण्याला जागा असलीच पाहिजे, हाच त्यांच्या साऱ्या आयुष्याचा आग्रह होता.

मुंबईची इमारत गेल्यावर पंडितजी नाशिकला रामनाम आधाराश्रमात राहिले. भगवी वस्त्रे, रामकथा, भजन आणि काही शिष्यांना व लहानग्या दत्तात्रयाला शिकवणे, असे त्यांचे दिवस जात. रघुपति राघव राजाराम ही धून घराघरात पोहोचवण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. १९३० च्या दांडी यात्रेत ती देशाने ऐकली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला त्यांनी देह ठेवला. जिथे गाणे शिकले त्याच गावी. वय एकोणसाठ.

गेले तेव्हा स्वतःची म्हणावी अशी वास्तू नव्हती. पण त्याच वर्षी त्यांचे शिष्य अहमदाबादला जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आज प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा ज्या परीक्षांना आपली मुले बसतात, त्या याच मंडळाच्या. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात शाळा काढली आणि पोरक्या दत्तात्रयाला गाणेही शिकवले. तो मुलगा बापाला शोभेल असा गवई झाला. बैजू बावरा चित्रपटात उस्ताद अमीर खाँसाहेबांबरोबर त्याचा आवाज साऱ्या देशाने ऐकला. पण त्यालाही आयुष्य थोडे मिळाले. १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी तो गेला. १९७३ साली सरकारने पंडितजींचे टपाल तिकीट काढले. मैफलीला तिकीट लावणाऱ्या माणसाचेच तिकीट निघाले, असा विचार मनात येऊन आम्हाला गंमत वाटली आणि थोडे भरूनही आले.

दोन शब्द मोकळेपणाने

चरित्र लिहिताना नुसती आरती ओवाळणे बरे नव्हे. पंडितजींवर टीकाही झाली आहे. त्यांची स्वरलिपी किचकट होती, भातखंड्यांची सोपी निघाली आणि तीच जास्त पसरली. वर्गात चाळीस मुलांना एकदम शिकवून गवई होत नाही, असे घराण्यातले लोक म्हणत, आणि त्यात तथ्य आहे. गाण्यातले शृंगाराचे शब्द काढून त्यांनी भक्तीचे घातले. त्यामुळे गाणे घरात आले हे खरे, पण ज्या उस्तादांनी आणि कलावंतिणींनी ते पिढ्यान् पिढ्या जपले होते, त्यांची आठवण मागे पडली हेही खरे. बाळकृष्णबुवांची गायकी मुळात ग्वाल्हेरच्या हद्दू-हस्सू खाँ यांच्याकडून आलेली. आपण हैदराबादकर. इथल्या दर्ग्यातली कव्वाली आणि देवळातले भजन एकाच हवेत ऐकत आपण मोठे झालो. तेव्हा एवढे ऋण आपण तरी विसरू नये.

आमच्या बाकावरून

आता आपल्या गावाकडे वळू. पंडित जसराजांचे वडील पंडित मोतीराम हैदराबादच्या दरबारात गवई म्हणून रुजू होणार होते. नेमका त्याच दिवशी त्यांना मृत्यू आला. जसराज तेव्हा चार वर्षांचे होते. अंबरपेटला मोतीरामांची समाधी आहे. दरबार गेला, दरबारी नेमणुका गेल्या, पण मुलाने वडिलांच्या आणि थोरल्या भावाच्या नावाने याच शहरात संगीत समारोह सुरू केला आणि तो वर्षानुवर्षे सर्वांसाठी खुला राहिला. राजाश्रयाच्या दारात हरपलेले लोकांच्या मांडवात परत मिळाले, असे म्हटले तर चूक होणार नाही.

आज आपल्या शहरात काय कमी आहे? रामकोटीला सरकारी संगीत-नृत्य महाविद्यालय आहे, सिकंदराबादला आहे. दिवेलागणीला तिथल्या आवारात उभे राहिले तर एका खोलीतून वीणा येते, दुसरीतून मृदंग, तिसरीतून घुंगरू. रवींद्र भारतीत वर्षभर काही ना काही चालू असते, अनेकदा फुकट. आपल्या मराठी वस्त्यांत, काचीगुड्यापासून बरकतपुऱ्यापर्यंत, पेटी घेऊन बसणाऱ्या बाई अजून आहेत. दारे सगळी उघडी आहेत. आत जाणारे मात्र कमी होत चालले आहेत.

हे दुसऱ्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. दोष आमचाच आहे. आमचा थोरला मुलगा तबला फार छान वाजवायचा. नववीत गेल्यावर आम्ही त्याचा क्लास बंद केला. स्पर्धा परीक्षेचा क्लास संध्याकाळचाच होता आणि सगळेच तसे करत होते. मुलगा काही बोलला नाही. तबल्याची जोडी पिशवीत घालून कपाटावर ठेवली. आज तो बंगळूरला चांगल्या नोकरीत आहे. गणपतीत घरी येतो, आरतीला टाळ वाजवतो. गेल्या वर्षी आरती संपल्यावर त्याने कपाटावरची पिशवी खाली काढली, धूळ झटकली, दायाँवर एक थाप मारली. पुडी सैल पडली होती. त्याने काही न बोलता ती जोडी पुन्हा वर ठेवली. त्या एका बेसूर थापेने आम्हाला जे सांगितले ते कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते.

या जूनमध्ये लेक नववीत गेली. पुन्हा तोच प्रश्न घरात आला. तोच संध्याकाळचा क्लास, तीच फी, तेच नातेवाईकांचे सल्ले. सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले, आम्ही लेकीकडे. या वेळी आम्ही गाण्याचा क्लास बंद केला नाही. दुसऱ्या क्लासची वेळ बदलून घेतली. तिला किती मार्क मिळतील ते देव जाणे. पण रिकाम्या खोलीत तंबोरा लावून बसलेला तो माणूस डोळ्यांपुढून हलत नव्हता. आपली मुले उठून आली तर ती खोली पुन्हा रिकामी होईल, एवढेच आम्हाला कळले.

आणि आणखी एक केले. तबल्याची जोडी सुलतान बाजारला नेऊन नवी पुडी बसवून आणली. मुलगा चतुर्थीला येणार आहे.

वाचकहो, पंडितजींची जयंती आणि पुण्यतिथी दोन्ही ऑगस्टातल्याच, तीन दिवसांच्या अंतराने. गणेशोत्सवाची तयारी चालू असते तेव्हाच त्या येऊन जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. त्यांच्यासाठी हार-तुरे नकोत. यंदा मंडळाच्या मैफलीला वेळेवर या, मोबाईल खिशात ठेवा, शेवटपर्यंत बसा. वर्गणीची पावती फाडताना हात आखडू नका, कारण त्या पैशातूनच पुढच्या वर्षीचा गवई येणार आहे. शहरात कुठे तिकिटाचा कार्यक्रम असेल तर पास मागण्याऐवजी एकदा तिकीट काढून पाहा. आणि घरात कपाटावर एखादे वाद्य पडले असेल तर ते खाली काढा.

मुंबईची ती वास्तू वाचवायला कोणी आले नव्हते. तिची भरपाई आपल्या हातून होण्यासारखी नाही. पण त्यांच्या शाळेतल्या एका तरी बाकावर आपले माणूस बसलेले असावे, एवढे तर आपल्या हातात आहे.

गणपती बाप्पा मोरया!